चार्ल्सटनचा किनारा : माणसे तीच, रेषा नवी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात अ‍ॅशले आणि कूपर या दोन नद्या जेथे अटलांटिक महासागराला मिळतात, तेथे चार्ल्सटन हे शहर वसले आहे. शहराचा जुना भाग या दोन नद्यांच्या मधोमध समुद्रात शिरलेल्या द्वीपकल्पावर आहे. कूपर नदीवरचा पूल ओलांडला की माउंट प्लेझंट लागते. अ‍ॅशले ओलांडली की वेस्ट अ‍ॅशले. दोन्ही काठांवरचे लोक त्याच शहरात कामाला जातात, तेच बंदर त्यांना रोजगार देते आणि उधाणाच्या भरतीला रस्त्यांवर पाणी चढले की तेच पाणी दोघांनाही अडवते. असे असूनही २०२२ च्या नकाशाने त्यांना दोन निरनिराळ्या मतदारसंघांत टाकले.

हा तपशील वरवर पाहता स्थानिक वाटतो. मात्र अमेरिकी प्रतिनिधिगृहातील दक्षिण कॅरोलायनाचा पहिला मतदारसंघ त्या आधीच्या दोन निवडणुकांत देशातील सर्वाधिक चुरशीच्या जागांमध्ये गणला जात होता. २०१८ मध्ये तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार सुमारे चार हजार मतांनी निवडून आला, तर २०२० मध्ये रिपब्लिकन उमेदवाराने सुमारे ५,४०० मतांनी ती जागा परत घेतली. नकाशा बदलल्यानंतर हे अंतर २०२२ मध्ये सुमारे १४ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ते आणखी वाढले. मतदारसंघातली चुरस ही मतदारांच्या मनात असते तितकीच ती कागदावरच्या रेषेतही असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

किनाऱ्याचे तीन पट्टे

या भागाला तेथील लोक ‘लोकंट्री’, म्हणजे सखल प्रदेश, असे म्हणतात. खाड्या, दलदल, गवताळ पाणथळ जमिनी आणि समुद्राच्या तोंडाशी उभी असलेली वाळूची बेटे असे त्याचे रूप आहे. राजकीयदृष्ट्या पाहिल्यास या प्रदेशाचे तीन पट्टे पडतात.

पहिला पट्टा बेटांचा. सलिव्हन्स आयलंड, आयल ऑफ पाम्स, किआवा आणि दक्षिणेकडे ब्युफोर्ट काऊंटीतील हिल्टन हेड ही बेटे आज सधन वस्तीची आणि पर्यटनाची केंद्रे आहेत. १९५६ मध्ये हिल्टन हेडला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला आणि शेती-मासेमारीवर जगणाऱ्या या बेटाचे रूप पालटले. उत्तरेकडील थंड राज्यांतून निवृत्त होऊन आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. हा मतदार करांच्या प्रश्नावर परंपरावादी आहे. परंतु घरासमोरचा समुद्र स्वच्छ राहावा, याबाबत तो कोणत्याही पर्यावरणवाद्याइतकाच आग्रही असतो.

दुसरा पट्टा खुद्द चार्ल्सटन शहराचा आणि त्याला लागून असलेल्या नॉर्थ चार्ल्सटन व वेस्ट अ‍ॅशले या भागांचा. येथे कृष्णवर्णीय मतदारांची संख्या लक्षणीय आहे. त्यांच्या जोडीला महाविद्यालये, रुग्णालये आणि नव्या उद्योगांमुळे आलेला तरुण नोकरदार वर्ग आहे. बोइंग कंपनीचा ‘ड्रीमलायनर’ विमाने जुळवणारा कारखाना नॉर्थ चार्ल्सटनमध्येच आहे. तेथे तयार झालेले पहिले विमान २०१२ मध्ये एअर इंडियाच्या ताब्यात देण्यात आले होते, ही भारतीय वाचकांना ओळखीची वाटावी अशी बाब. या पट्ट्याचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे.

तिसरा पट्टा किनाऱ्यापासून आत, महामार्गाच्या कडेने वाढलेल्या उपनगरांचा. बर्कली आणि डॉर्चेस्टर या काऊंट्यांतील गूज क्रीक, मॉन्क्स कॉर्नर, समरव्हिल ही गावे गेल्या काही दशकांत झपाट्याने फुगली. शहरातील घरांच्या किमती न परवडणारी कुटुंबे येथे आली. व्होल्वोने बर्कली काऊंटीत मोटारींचा कारखाना काढला आणि २०१८ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. हवाई दल आणि नौदलाच्या तळांवर नोकरी केलेल्यांचीही येथे मोठी वस्ती आहे. हा पट्टा रिपब्लिकन पक्षाचा भक्कम पाया मानला जातो.

शहर एका बाजूला, उपनगरे दुसऱ्या बाजूला आणि निर्णायक कौल बेटांचा, अशी ही रचना होती. तराजूच्या दोन पारड्यांपैकी एकातले वजन थोडे कमी केले की निकाल बदलतो, हे राजकीय पक्षांना ठाऊक होते.

जुन्या इतिहासाची छाया

या किनाऱ्यावर मतदारसंघाची रेषा आणि वंश यांचा संबंध आजचा नाही. गुलामगिरीच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या श्रमांवर येथे भाताची शेती उभी राहिली. त्यांचे वंशज ‘गुल्ला गीची’ या नावाने ओळखले जातात. स्वतःची बोली आणि चालीरीती त्यांनी बेटांवर टिकवून ठेवल्या. मात्र पर्यटनाच्या लाटेत त्यांच्या वडिलोपार्जित, सामाईक मालकीच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर हातच्या गेल्या.

याच समाजातील रॉबर्ट स्मॉल्स हे ब्युफोर्टमध्ये गुलाम म्हणून जन्मले. मे १८६२ मध्ये त्यांनी चार्ल्सटनच्या बंदरातून बंडखोर दक्षिणेचे ‘प्लँटर’ हे जहाज पळवून उत्तरेच्या नौदलाच्या स्वाधीन केले. यादवी युद्धानंतर ते प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. पुढे १८८२ मध्ये राज्य विधिमंडळाने कृष्णवर्णीय मतदार एकाच ठिकाणी कोंबणारा वेडावाकडा सातवा मतदारसंघ आखला. एक जागा त्यांना दिली म्हणजे उरलेल्या सुरक्षित होतील, असा त्यामागचा हिशेब होता. नंतर मताधिकारावरच निर्बंध आले आणि ती एक जागाही गेली. १८९७ नंतर या राज्यातून कृष्णवर्णीय सदस्य प्रतिनिधिगृहात पोहोचायला १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सहाव्या मतदारसंघातून जेम्स क्लायबर्न यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली.

पहिल्या मतदारसंघाची वाटचाल वेगळी झाली. १९४१ ते १९७० अशी जवळजवळ तीन दशके डेमोक्रॅटिक पक्षाचे मेंडेल रिव्हर्स येथून निवडून येत होते. संरक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद हाती असल्याने त्यांनी लष्करी तळांचा ओघ चार्ल्सटनकडे वळवला. १९८१ मध्ये ही जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि पुढे ३८ वर्षे त्याच पक्षाकडे राहिली. २०१० मध्ये येथूनच टिम स्कॉट हे कृष्णवर्णीय रिपब्लिकन नेते निवडून आले. पुढे ते सेनेटर झाले. २०१० च्या जनगणनेनंतर राज्याला सातवी जागा मिळाली तेव्हा मर्टल बीचचा उत्तर किनारा या मतदारसंघातून वगळला गेला आणि दक्षिणेचे हिल्टन हेड त्यात आले.

समुद्राने बदललेला कौल

२०१८ ची निवडणूक या प्रदीर्घ वर्चस्वाला अपवाद ठरली. त्या वर्षी जूनमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या मतदानात, विद्यमान सदस्य मार्क सॅनफर्ड पराभूत झाले. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर त्यांनी टीका केली होती आणि मतदान संपण्यास काही तास उरले असताना ट्रम्प यांनी त्यांच्या प्रतिस्पर्धी केटी अ‍ॅरिंग्टन यांना जाहीर पाठिंबा दिला.

नोव्हेंबरमध्ये मात्र वेगळाच मुद्दा पुढे आला. ट्रम्प प्रशासनाने अटलांटिकच्या किनाऱ्यालगत तेल आणि वायूच्या उत्खननासाठी क्षेत्रे खुली करण्याची योजना मांडली होती. डेमोक्रॅटिक उमेदवार जो कनिंगहॅम हे वकील होण्यापूर्वी सागरी अभियंता होते. त्यांनी तेलविहिरींना विरोध हाच प्रचाराचा गाभा केला. पर्यटन, मासेमारी आणि किनाऱ्यावरील घरांच्या किमती या तिन्हींना धक्का बसेल, हा युक्तिवाद बेटांवरील मतदारांना पटला. किनाऱ्यावरच्या गावांतील काही रिपब्लिकन महापौरांनीही पक्ष बाजूला ठेवून कनिंगहॅम यांना पाठिंबा दिला. दोन वर्षांपूर्वी ट्रम्प यांना सुमारे १३ टक्क्यांची आघाडी देणारा मतदारसंघ निसटत्या फरकाने विरोधी पक्षाकडे गेला. चार्ल्सटन काऊंटीतील आघाडी कनिंगहॅम यांच्या विजयाचा आधार होती.

त्याचे परिणाम धोरणातही उमटले. सप्टेंबर २०१९ मध्ये अटलांटिक आणि पॅसिफिक किनाऱ्यांवर उत्खननास मनाई करणारे कनिंगहॅम यांचे विधेयक प्रतिनिधिगृहाने संमत केले. सेनेटमध्ये ते पुढे गेले नाही. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, खुद्द ट्रम्प यांनी फ्लोरिडा, जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायना यांच्या किनाऱ्यांवर २०२२ पासून दहा वर्षे अशा परवान्यांना बंदी जाहीर केली. त्या वर्षी नॅन्सी मेस यांनी कनिंगहॅम यांचा पराभव केला. मात्र तेलविहिरींना विरोध करण्यात त्याही मागे नव्हत्या. जागा कोणाचीही असो, ती हातून जाऊ शकते या जाणिवेमुळे दोन्ही पक्षांना किनाऱ्याचे ऐकावे लागले, हा या दोन निवडणुकांचा खरा अर्थ होता.

८७,६८९ माणसे जास्त

२०२० च्या जनगणनेनंतर चित्र पालटले. दक्षिण कॅरोलायनाच्या प्रत्येक मतदारसंघात सुमारे ७ लाख ३१ हजार लोकसंख्या असणे आवश्यक होते. किनाऱ्यावरील वाढीमुळे पहिल्या मतदारसंघात ८७,६८९ माणसे जास्त झाली होती. शेजारच्या सहाव्या मतदारसंघात ८४,७४१ कमी होती. एकातून काढून दुसऱ्यात घालणे हा साधा उपाय होता.

प्रत्यक्षात विधिमंडळाने १,४०,४८९ माणसे पहिल्यातून सहाव्यात हलवली आणि ५२,७९९ माणसे सहाव्यातून पहिल्यात आणली. बर्कली आणि ब्युफोर्ट या काऊंट्या संपूर्णपणे पहिल्या मतदारसंघात आल्या. शहराच्या द्वीपकल्पाचा आणि वेस्ट अ‍ॅशलेचा मोठा भाग मात्र राज्याची राजधानी कोलंबियापर्यंत पसरलेल्या सहाव्या मतदारसंघात गेला. चार्ल्सटन काऊंटीच्या पहिल्या मतदारसंघातील भागात असलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांपैकी ३०,२४३ जण, म्हणजे सुमारे ६२ टक्के, रेषेपलीकडे गेले. एवढी उलथापालथ होऊनही पहिल्या मतदारसंघातील कृष्णवर्णीय प्रौढांचे प्रमाण आधीइतकेच, १७ टक्क्यांच्या आत राहिले. बर्कली काऊंटीतून आलेल्या कृष्णवर्णीय वस्तीने वाढू पाहणारा आकडा शहरातील लोकांना वगळून खाली आणला गेला, असा आक्षेप त्यामुळे घेतला गेला. राज्यपाल हेन्री मॅकमास्टर यांनी जानेवारी २०२२ मध्ये या नकाशावर स्वाक्षरी केली.

विधिमंडळातील रिपब्लिकन नेत्यांनी आपला हेतू लपवला नाही. जागा पक्षासाठी अधिक सुरक्षित करणे हाच उद्देश होता आणि मतदारांची निवड त्यांचा वंश पाहून नव्हे, तर त्यांचा राजकीय कल पाहून केली, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आकड्यांनुसार मोजल्यास या बदलाने पहिल्या मतदारसंघातील रिपब्लिकन मतांचा वाटा १.३६ टक्क्याने वाढून ५४.३९ टक्क्यांवर गेला. हा आकडा किरकोळ वाटेल. पण एका पक्षाचा वाटा तेवढा वाढला की दुसऱ्याचा तेवढाच घटतो आणि दोहोंतील अंतर सुमारे पावणेतीन टक्क्यांनी रुंदावते. २०१८ मध्ये कनिंगहॅम जिंकले ते अंतर दीड टक्क्याहूनही कमी होते.

न्यायालयाची दोन उत्तरे

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या राज्य शाखेने नकाशाला आव्हान दिले. जानेवारी २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने पहिल्या मतदारसंघाची रचना वंशाच्या आधारावर झाली असल्याचे सांगत ती घटनाबाह्य ठरवली. राज्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेथील निकाल वेळेत न आल्याने २०२४ ची निवडणूक त्याच नकाशावर घेण्यास खालच्या पीठाला परवानगी द्यावी लागली.

२३ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने खालचा निकाल फिरवला. न्यायमूर्ती सॅम्युएल अ‍ॅलिटो यांच्या निकालपत्रानुसार विधिमंडळाचा हेतू प्रामाणिक आहे, असे गृहीत धरूनच न्यायालयांनी सुरुवात केली पाहिजे. वंश आणि पक्षनिष्ठा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असताना त्या वेगळ्या करून दाखवण्याची जबाबदारी आव्हान देणाऱ्यांवर आहे. विधिमंडळाचे राजकीय उद्दिष्ट साधणारा, तरीही वंशाच्या दृष्टीने समतोल असा पर्यायी नकाशा त्यांनी सादर केला नाही, हेही त्यांच्या विरोधात गेले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमत नोंदवताना खालच्या पीठाने पुराव्यांवरून काढलेले निष्कर्ष बहुमताने डावलल्याचा आक्षेप घेतला.

या निकालाचे वजन कळण्यासाठी २०१९ च्या निकालाची आठवण ठेवावी लागते. पक्षीय फायद्यासाठी मतदारसंघ आखले गेले तरी त्यात संघीय न्यायालये हस्तक्षेप करणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ठरवले होते. वंशाच्या आधारावर रेषा ओढणे निषिद्ध, पक्षाच्या आधारावर ओढणे मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेर. ज्या राज्यात कृष्णवर्णीय मतदारांचे बहुसंख्य मतदान एकाच पक्षाला होते, तेथे हा भेद कागदावर स्पष्ट आणि व्यवहारात धूसर राहतो. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही राज्यघटनेच्या आधारे पक्षीय आखणीविरुद्ध केलेली मागणी फेटाळली. दाद मागण्याच्या दोन्ही वाटा अशा रीतीने बंद झाल्या.

अर्थात या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. न्यायालयातील नोंदींनुसार सुरुवातीचा एक आराखडा क्लायबर्न यांच्या कार्यालयाकडूनही आला होता. लोकसंख्या घटलेल्या मतदारसंघात आपल्या पक्षाचे मतदार मिळणे कोणत्याही विद्यमान सदस्याला सोयीचे असते. शिवाय २०२२ मधील १४ टक्क्यांचे अंतर केवळ रेषेमुळे पडले, असेही म्हणता येणार नाही. ते वर्ष अध्यक्ष जो बायडेन यांच्या पक्षाला दक्षिणेत अनुकूल नव्हते आणि कनिंगहॅम यांनी त्या वर्षी प्रतिनिधिगृहाऐवजी राज्यपालपदाची निवडणूक लढवली. मात्र जागा जिंकता येणार नाही असे एकदा दिसू लागले की तगडे उमेदवार आणि पैसा दोन्ही अन्यत्र वळतात. रेषा मोजून दीड टक्का हलवते. उरलेले काम निराशा करते.

नोव्हेंबरऐवजी जून

चुरस संपली असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. ती नोव्हेंबरातून जूनमध्ये सरकली. जानेवारी २०२१ मध्ये संसदेच्या इमारतीवर हल्ला झाल्यावर मेस यांनी ट्रम्प यांच्यावर टीका केली होती. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत ट्रम्प यांनी अ‍ॅरिंग्टन यांना त्यांच्याविरुद्ध उतरवले. मेस जिंकल्या, पण अंतर सुमारे आठ टक्क्यांचेच होते. त्यावेळी माजी राज्यपाल निकी हेली मेस यांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत मात्र मेस यांनी अध्यक्षपदासाठी हेली यांच्याऐवजी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, ट्रम्प यांचा पाठिंबा मिळवला आणि जूनमधील प्राथमिक निवडणूक सहज जिंकली.

याच काळातील एक आकडेवारी बोलकी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीत हेली यांना आपल्याच राज्यातील ४६ पैकी केवळ तीन काऊंट्या जिंकता आल्या. त्यांपैकी दोन होत्या चार्ल्सटन आणि ब्युफोर्ट. पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या हेली यांचे वास्तव्यही किआवा बेटावरच. किनाऱ्यावरील रिपब्लिकन मतदार अंतर्भागातील मतदाराहून वेगळा आहे, हे त्यातून दिसले. पण नोव्हेंबरमध्ये त्याच्या मताची गरज पूर्वीइतकी उरली नसल्याने त्याचे वेगळेपण मोजण्याचे कारण पक्षाला राहिले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मेस यांनी राज्यपालपदाची निवडणूक लढवण्याचे जाहीर केले.

कोकणच्या अनुभवातून

मराठी वाचकाला या प्रश्नाचा एक पदर परिचित आहे. २००८ च्या पुनर्रचनेत नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, तर चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. त्यावरही नाराजी होती. मात्र ती रेषा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ओढली होती. तिचा लाभ ज्यांना होणार त्या विधानसभेतील बहुमताने नव्हे. भारतात आयोगाच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात सहसा दाद मागता येत नाही. दक्षिण कॅरोलायनात जाता येते, पण हाती फारसे लागत नाही. दोहोंतील फरक हा की रेषा ओढणारा हात कोणाचा आहे.

चार्ल्सटनमध्ये हा फरक पाण्याच्या पातळीत मोजला जाणार आहे. समुद्र चढत असल्याने द्वीपकल्पाभोवती सुमारे आठ मैलांची भिंत बांधण्याची योजना लष्कराच्या अभियंता विभागाने मांडली. तिचा खर्च तेव्हा सुमारे ११० कोटी डॉलर धरण्यात आला होता आणि त्यातील मोठा वाटा केंद्र सरकारकडून यायचा आहे. हा पैसा मंजूर होतो तो वॉशिंग्टनमध्ये, प्रतिनिधींच्या आग्रहामुळे. २०१८ मध्ये तेलविहिरींच्या प्रश्नावर बेटांनी आणि शहराने एकत्र मत दिले, तेव्हा अध्यक्षांनाही धोरण बदलावे लागले होते. भिंत जेथे व्हायची तो शहराचा भाग आणि समोरची बेटे यांची मते २०२२ आणि २०२४ मध्ये वेगवेगळ्या पेट्यांत पडली. दोन्ही जागांचे निकाल मतदानाआधीच ठरल्यासारखे होते. भरतीच्या पाण्याला ही रेषा ठाऊक नाही. ते आले की दोन्ही बाजूंना सारखेच येते.